बर्फाच्या टेकडीची दोन दारे

सिंगापूरमध्ये मी नऊ वर्षे बर्फ पाडण्याची नोकरी केली. नाशिकला गेल्यावर हे वाक्य उच्चारले की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग खात्री करून घेण्यासाठी माझ्या पत्नीकडे पाहतो. त्याचा दोष नाही. सिंगापूर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरही दूर नाही. येथे बाराही महिने एकच ऋतू असतो आणि त्याला नाव देण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. स्वेटर लागतो, पण तो कार्यालयात आणि चित्रपटगृहात. अशा ठिकाणी, एका औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, छपराखाली तीन मजली उंचीची एक टेकडी होती. तिच्यावर बर्फ होता, आणि तो उणे पाच अंशांवर राखण्याचे काम माझ्याकडे होते.

ती टेकडी आता नाही. त्या इमारतीत ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे गोदाम झाले आहे. त्यामुळे तिच्याविषयी मोकळेपणाने लिहिण्यास आता कोणाची हरकत असू नये. हरकत होती ती माझी एकट्याची. ती मोडून काढायला मला बराच वेळ लागला.

इमारत मुळात मासळीचे शीतगृह होती. मालक गोठवलेल्या कोळंबीचे व्यापारी. उतारवयात ते पत्नीसह जपानच्या उत्तरेला गेले, तेथील डोंगरावर लोकांना पायाला फळ्या बांधून घसरताना त्यांनी पाहिले, आणि परतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याकडे थंडी तर आधीपासूनच आहे, फक्त तिच्यात कोळंबी भरलेली आहे. कोळंबी हलवली गेली. आत लोखंडी सांगाड्यावर उतार उभा राहिला. वास मात्र सहजासहजी गेला नाही. पहिल्या वर्षी दमट दिवशी आमच्या शुभ्र हिमाला बंदराचा दरवळ येत असे. एका जपानी पाहुण्याने मला वाकून सांगितले की त्याला त्याच्या गावाची आठवण झाली. ही तक्रार होती की प्रशंसा, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

मी आलो तो नाशिकहून. तेथे द्राक्षे थंड करण्याचा मला पंधरा वर्षांचा अनुभव होता. मुलाखतीत मालकांनी एकच प्रश्न विचारला, की द्राक्ष आणि बर्फ यांत अवघड कोणते. मी म्हणालो, द्राक्ष, कारण बर्फ आंबट निघत नाही. नोकरी मिळाली.

सोयी म्हणाल तर आटोपशीर होत्या. रबरी चकत्यांवर बसून घसरण्यासाठी एक मोठा उतार होता. त्याच्या शेजारी एक लहान उतार, जेथे प्रशिक्षक स्कीइंग शिकवत. पहिला अर्धा तास ते फक्त पडायला शिकवत. खाली लाकडी वाटणारी पण लाकडी नसलेली एक झोपडी होती, छायाचित्रांसाठी. जाकिटे, बूट आणि हातमोजे देणारा कक्ष होता, आणि परत आलेले ओले बूट वाळवणारी एक खोली होती, जिच्यात कोणीही स्वेच्छेने दोन मिनिटांहून अधिक थांबले नाही. काचेपलीकडे कॅफे होता. तेथे बसून गरम मायलो पीत आजी-आजोबा आतल्या नातवंडांना हात करीत.

आता थोडे शास्त्र, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. थंडी तयार करता येत नाही, उष्णता बाहेर काढता येते. आम्ही गार हवेत पाण्याचा बारीक फवारा दाब देऊन सोडत असू, ते थेंब खाली येईतो गोठत, तोच आमचा हिमवर्षाव. हवा गार ठेवण्यासाठी छताजवळ नळ्यांची वेटोळी होती आणि पंखे त्यांच्यावरून हवा खेळवत. लोकांना वाटते की आमचा शत्रू बाहेरचे ऊन. तसे नाही. आमचा शत्रू बाहेरची वाफ. सिंगापूरची हवा म्हणजे जवळजवळ पातळ सूपच. ती आत शिरली की सरळ त्या थंड नळ्यांवर जाऊन गोठते, नळ्यांच्या फटी बुजतात, आणि मग पंखे नुसते फिरत राहतात. आणखी एक गंमत सांगतो. बर्फाखालची जमीन आम्ही सतत गरम ठेवत असू. तसे न केल्यास खालची माती गोठून फुगते आणि फरशी फोडून वर येते. मला या व्यवसायातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटत आली आहे.

वाफेला अडवण्यासाठी टेकडीला दोन दारे होती आणि त्यांच्यामध्ये एक लहान खोली. बाहेरचे दार उघडून खोलीत यायचे, ते बंद होऊ द्यायचे, मगच आतले उघडायचे. दोन्ही एकाच वेळी उघडी राहिली की कर्कश भोंगा वाजे. भोंगा बंद करण्याची किल्ली फक्त पाळीवरच्या तंत्रज्ञाकडे असे, आणि नियमाप्रमाणे पाच मिनिटांत तो पुन्हा सुरू करावा लागे.

गिऱ्हाइकांचे मासले पुष्कळ. एका छायाचित्रकाराने वधूला बिनबाह्यांच्या पोशाखात टेकडीवर उभे केले, आणि तिचे ओठ निळे पडल्यावर मला अत्यंत सौजन्याने विचारले की दहा मिनिटांपुरते हवामान वाढवता येईल काय. आमच्याच पुण्याचे एक प्रकल्प व्यवस्थापक भाड्याने स्की घेऊन दोन तास एकाच जागी, निरनिराळ्या मुद्रांत, उभे राहिले. ती छायाचित्रे त्यांनी युरोपच्या सहलीतली म्हणून मित्रांना पाठवली. मित्रांनी त्यांतल्या एकाच्या कोपऱ्यात चमकणारी, 'बाहेर जाण्याचा मार्ग' सांगणारी हिरवी पाटी लाल वर्तुळात बंदिस्त करून परत पाठवली. ते पुढच्या रविवारी पुन्हा आले आणि खरोखरच स्कीइंग शिकले, हे सांगितले पाहिजे.

सेंगकांगहून एक तरुण बाप आला होता. त्याच्या आईने जन्मात बर्फ पाहिला नव्हता आणि तिला घराबाहेर पडवत नव्हते. त्याला थोडा हिम घरी न्यायचा होता, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, एमआरटी आणि मग एलआरटी अशा दोन लोकलगाड्या बदलून. नियमाने मी नाही म्हणायला हवे होते. मी त्याचा थर्मास तासभर आत गार करून घेतला, काठोकाठ दाबून भरला आणि वाटेत एकदाही न उघडण्याची शपथ घातली. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. म्हातारीच्या तळहातावर चमचाभर शुभ्र काहीतरी होते आणि ती त्याच्याकडे भाजीवाल्याकडचा माल पाहावा तशी संशयाने पाहत होती.

हे सारे ज्यांच्या जोरावर चालले त्यांचे नाव कोह. आम्ही त्यांना कोह अंकल म्हणत असू. मासळीच्या दिवसांपासून ते याच इमारतीत होते. राहायला तोआ पायोहला, जुन्या वसाहतीत. हुद्द्याने तंत्रज्ञ, म्हणजे माझ्या खाली, वयाने चौदा वर्षांनी वर. मी पडद्यावरचे आकडे वाचत असे, ते सकाळी येऊन टेकडीवर टाच रोवत आणि सांगत की आज डावीकडची वेटोळी दमली आहेत. बहुतेक वेळा आकडे तासाभराने त्यांच्याशी सहमत होत. ते मला 'इंजिनिअर' म्हणत, आणि त्या शब्दात आदर किती नि थट्टा किती, हे दिवसागणिक बदलत असे. त्यांचे बोलणे येथील इंग्रजीत असे. मी ते मराठीत देतो, वाक्याच्या शेपटीला लागणारा 'लाह' तेवढा त्यांचा त्यांच्याकडे राहू देतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

आम्ही बुकित बातोकला राहत होतो. तेथील तीसएक मराठी कुटुंबांचा एक गट होता. एका संक्रांतीला मी सर्वांना टेकडीवर बोलावले. रविवारची शेवटची पाळी आमच्यासाठी राखून घेतली. खरे सांगायचे तर मला ती दाखवायची होती. संगणकवाल्या मंडळींत मी एकटा यंत्रांचा माणूस. कोणी विचारले की मी काय करतो, तर पत्नी वृंदा "एअर कंडिशनिंगसारखं काहीतरी" असे सांगून विषय बदलत असे.

तिळगुळाचा प्रश्न आला. आत खाद्यपदार्थ नेण्यास बंदी होती. बाहेर कॅफेसमोर इतरांची गर्दी. मी तोडगा काढला की तिळगूळ दोन दारांमधल्या खोलीत वाटावा. नियमाने ती जागा आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती. या शोधावर मी फार खूश होतो.

खेळून झाल्यावर मंडळी निघाली. आपल्याकडे 'निघतो' म्हणणे हा निघण्याचा केवळ पहिला मसुदा असतो, हे मी विसरलो होतो. वृंदा डबा घेऊन खोलीत उभी राहिली. मुलाकडे काही महिन्यांसाठी आलेल्या, नऊवारीवर जाकीट चढवलेल्या एक आजी तिच्या शेजारी होत्या आणि त्या प्रत्येकाला अडवत होत्या, "हातमोजे घालून तिळगूळ घेतात का? काढ आधी." मग हातमोजा काढणे, तिळगूळ घेणे, जाकिटाच्या फुगवट्यातून कसेबसे वाकून आजींच्या बुटांना हात लावणे, आणि आजींचे "काय करतोस, कुठे राहतोस, लग्न झालं का?" रांग आतपर्यंत गेली. मागच्यांना ताटकळत ठेवणे बरे दिसेना, म्हणून कोणीतरी सभ्यपणे आतले दार धरून ठेवले. ज्यांचे झाले ते बाहेरच्या उंबरठ्यावर गप्पा मारत थांबले, आणि येणाऱ्यांसाठी त्यांनीही सभ्यपणे बाहेरचे दार धरून ठेवले. आमच्या सभ्यतेने दोन्ही दारे सताड उघडी झाली.

भोंगा वाजू लागला. मुलांनी कान झाकले. आजींनी विचारले की हे काय रडते आहे. कोह अंकल यंत्रघरातून वर आले.

"इंजिनिअर, दोन्ही दारं उघडी आहेत."

"पाच मिनिटं, अंकल. माझी माणसं आहेत. तेवढा तो आवाज बंद करा."

"पाच मिनिटं घड्याळाची, की तुमच्या माणसांची?"

मी हसलो आणि म्हणालो, "मी सांगतो तेव्हा चालू करा." त्यांनी किल्ली फिरवली आणि ते खाली गेले. त्यांना निरोपाची वाट पाहायची होती. निरोप द्यायचा होता मला.

मी दिला नाही. त्याच वेळी कोणीतरी म्हणाले की तुम्ही तर सिंगापुरात हिमालय आणलात, दुसऱ्याने विचारले की हे नक्की चालते कसे, आणि मी त्या उघड्या दारात उभा राहून वाफ हा आमचा खरा शत्रू कसा आहे, यावर सविस्तर बोलत राहिलो. माझ्या पाठीमागून ती वाफ ढगाच्या रूपाने आत जात होती. लोकांना तो ढग फार आवडला. त्यांनी त्याचे फोटो काढले.

चाळीस मिनिटांनी कोह अंकल आपणहून वर आले. त्यांनी आतले दार स्वतःच्या हाताने लावले.

दुसऱ्या सकाळी नळ्यांच्या जागी बर्फाची सलग भिंत होती. पंखे इमानाने फिरत होते आणि हवा जागची हलत नव्हती. टेकडीवरचा थर ओलसर होऊन पुन्हा गोठला होता, त्यामुळे सगळा उतार काचेचा झाला होता. छताला जमलेल्या हिमाचे गठ्ठे अधूनमधून खाली पडत होते. टेकडी तीन दिवस बंद ठेवावी लागली. चिनी नववर्ष तोंडावर होते, शाळांच्या सहली ठरलेल्या होत्या, त्या रद्द झाल्या. मालक स्वतः येऊन पाहून गेले. त्यांनी लेखी अहवाल मागितला.

अहवाल मी लिहिला. इंग्रजी मी जपून लिहितो. त्यातले मुख्य वाक्य असे होते, की धोक्याची सूचना देणारे यंत्र पाळीवरील तंत्रज्ञाने बंद केले आणि विहित वेळेत ते पूर्ववत करण्यात आले नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. कोणी सांगितले आणि कोण विसरले, हे मात्र त्यात कोठेही नव्हते. वाक्याचा कर्ता कोठे ठेवावा आणि कोठे गाळावा याचे कसब मी त्या दिवशी पणाला लावले.

त्यावर कोह अंकलची सही लागणार होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बोट फिरवत सगळे वाचले. मग सही केली. कागद परत देताना म्हणाले, "फार चांगलं इंग्रजी, इंजिनिअर." एवढेच. मला त्या वेळी हायसे वाटले, हेही लिहून ठेवतो.

येथील कायद्याप्रमाणे तेव्हा बासष्टाव्या वर्षी निवृत्ती होती. काम समाधानकारक असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर त्यानंतर वर्षावर्षाच्या कराराने पासष्टीपर्यंत फेरनेमणूक मिळे. कोह अंकल नववर्षानंतर बासष्टचे होणार होते. मला ते माहीत होते. त्याचा या कागदाशी संबंध मी जोडला नाही, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. खरे असे की जोडायचा नव्हता, म्हणून जोडला नाही.

आठवडाभराने मनुष्यबळ विभागाच्या मिसेस लिम यांनी मला बोलावले. स्वभावाने काटेकोर, पण न्यायी बाई. त्यांच्यासमोर कोह अंकलची फाइल आणि तिच्यात माझा अहवाल होता. त्या म्हणाल्या की माणूस कामाला तयार आहे, प्रकृती उत्तम आहे, परंतु हा कागद असताना काम समाधानकारक आहे असे त्यांना लिहिता येणार नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "विभागप्रमुख म्हणून तुम्हाला यात काही जोडायचं आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

इतक्या वर्षांत मला कोणी इतके सरळ दार उघडून दिलेले नाही. मी ते लावून घेतले.

घरी वृंदाला सांगितले तेव्हा ती भेंडी चिरत होती. ती थांबली. "आवाज बंद करायला तुम्हीच सांगितलंत. मी तिथेच होते, डबा घेऊन."

मी म्हणालो, अहवालात खोटे काहीही नाही.

"खोटं नाही म्हणजे खरं आहे, असं लेकीला शिकवणार आहात का?"

लेक जेवणाच्या टेबलाशी बसून गृहपाठ करीत होती. तिने मान वर न करता निकाल दिला, "बाबा, नॉट लाइक दॅट लाह." वृंदा पुन्हा भेंडी चिरू लागली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. तिने तो काढावा असे मला वाटत होते.

मी ठरवले की मिसेस लिम यांना सगळे सांगायचे. मग मला आठवले की त्या नववर्षाच्या रजेवर जाणार आहेत. त्या परत आल्यावर नववर्षाची गर्दी होती. गर्दी ओसरल्यावर मला सर्दी झाली. बर्फात काम करणाऱ्या माणसाला सर्दीचे निमित्त कधी कमी पडत नाही. असे तीन आठवडे गेले. शेवटी एका सोमवारी मी दुसरा अहवाल लिहिला. पहिल्यापेक्षा तो बराच लहान झाला. सूचना मी दिली, निरोप देण्याचे काम माझे होते, मी ते विसरलो, आणि पहिल्या अहवालात ही बाब मी जाणूनबुजून लिहिली नाही. मिसेस लिम यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या की पहिल्यावर ज्याची सही आहे त्याची यावरही लागेल.

कोह अंकलची उरलेली रजा तेव्हा चालू होती. मी तोआ पायोहला गेलो. त्यांच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, ते कॉफी पीत बसले होते. त्यांनी माझ्यासाठीही मागवली, मला न विचारता, कमी साखरेची, कारण मला कशी लागते ते त्यांना ठाऊक होते. मी कागद काढण्याआधी त्यांनीच बोलायला सुरुवात केली. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी सगळे कुटुंब जेवायला जमले होते. आपले काम संपल्याचे त्यांनी तेव्हाच सांगून टाकले. थोरला भाऊ उभा राहून दोन शब्द बोलला, सर्वांनी पेले उंचावले, आणि नंतर नातवंडांनी खाऊचे पैसे एकत्र करून मासे पकडायची दांडी आणली. "तीस वर्षं गोठलेली मासळी पाहिली," ते हसत म्हणाले, "म्हणतात, आता जिवंत पाहा लाह." विनोद चांगला होता.

मी कागद पुढे केला. त्यांनी तोच चष्मा तसाच पुसला, तसेच बोट फिरवत वाचले. वाचून झाल्यावर त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

"हे मिसेस लिमसाठी. माझ्यासाठी काय?"

मला प्रश्न कळला नाही, असे मी दाखवले. ते थांबले. शेजारच्या टेबलावरची ताटे एक बाई उचलून नेत होती, तिचे पुसून झाले तरी ते थांबलेच. मी आयुष्यभर कागदावर बोलणारा माणूस. हे वाक्य मी चार वेळा लिहिले होते, खोडले होते, पुन्हा सुबक करून लिहिले होते. तोंडाने ते एकदाही उच्चारले नव्हते.

"अंकल, चूक माझी होती. आणि मी ती तुमच्या नावावर घातली. मला क्षमा करा."

त्यांनी कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "पेन द्या."

पण सही करण्याऐवजी ते खाली लिहू लागले. मोठी, वेगवेगळी अक्षरे, शाळेत उशिरा शिकलेल्या माणसाची. वाक्य असे होते, की किल्ली माझ्या हाताने फिरली, पाच मिनिटांनी मी स्वतः वर जायला हवे होते, गेलो नाही. मी म्हणालो, अंकल, हे लिहू नका, याने तुमचेच नुकसान होईल. ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. "तुम्ही तुमचं खरं लिहिलंत ना? मग माझं मला लिहू द्या." सही करून त्यांनी कॉफी संपवली. नंतर अर्धा तास ते डावीकडच्या वेटोळ्यांविषयी बोलत राहिले.

मिसेस लिम यांनी ते हस्ताक्षर वाचले आणि फेरनेमणुकीच्या अर्जावर त्याच दिवशी सही केली. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फाइलमध्ये योग्य जागी आहे.

एवढ्यावर सगळे भरून निघाले असे मला म्हणता येत नाही. त्या जेवणाच्या टेबलावर, भावंडांसमोर, एक माणूस आपण नकोसे झाल्याचे हसत सांगत होता, आणि मी तेव्हा मिसेस लिम रजेवरून परतण्याची वाट पाहत होतो. ती संध्याकाळ मला त्यांना परत देता आली नाही. कामावर रुजू झाले त्या दिवशी ते मासे पकडायची दांडी सोबत घेऊन आले. घरी ठेवली तर नातवंडे रोज विचारतील की आजोबा कधी जाणार, असे त्यांचे म्हणणे. वेष्टण न काढलेली ती लांब दांडी यंत्रघराच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तीन वर्षे तेथेच राहिली. नवीन माणसे विचारीत की हे कोणते हत्यार. कोह अंकल सांगत, इंजिनिअरला विचारा. मी सांगत असे. आधी अडखळत, नंतर न अडखळता, पण दर वेळी संपूर्ण.

पासष्टाव्या वर्षी त्यांचा शेवटचा दिवस आला. केक झाला, फोटो झाले, मालकांनी हात हातात घेतला. सगळे पांगल्यावर ते खाली यंत्रघरात आले, कोपऱ्यातून दांडी उचलली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि ती माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

"इंजिनिअर, कात्री आहे?"

मी खणातून काढून दिली. त्यांनी वेष्टणाची चिकटपट्टी एका टोकापासून सावकाश कापत नेली. मी दुसरे टोक धरून उभा राहिलो.